सांदण दरीतून अर्ध्यातून परतलो. गाईडला पैसे पूर्ण द्यायचे की निम्मे?

कातळमाया
मेच्या शेवटच्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, माझी नऊ वर्षांची लेक आणि तेरा वर्षांचा पुतण्या. काजव्यांच्या नादात झोपायला दोन वाजले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सांदण या अरुंद, खोल दरीच्या तोंडाशी, साम्रद गावात पोचेस्तोवर साडेअकरा. गावातले एक मामा गाईड म्हणून घेतले. ८०० रुपये ठरले: दरीत उतरायचं, जिथून पुढे दोर लावावा लागतो तिथपर्यंत जायचं आणि परत.

पाण्याचा पहिला टप्पा लेकीच्या मांडीपर्यंत होता. दुसऱ्यात ती बुडालीच असती, मामांनी तिला खांद्यावर घेतलं. पुढे नुसते धोंडे. दीडच्या सुमारास मामा एकदम थांबले. वर दिसत होती आभाळाची हातभर पट्टी, तीही स्वच्छ निळी. ते वर बघतही नव्हते. म्हणाले, "वारा फिरला. ताई, मागं चला." दिरांचा पारा चढला. इतक्या लांब आलो, आभाळ कोरडं, आणि मागं काय चला? पण मामा हलेनात.

वर आलो तर शेजारच्या घाटघरच्या अंगाला काळंकुट्ट झालेलं. गडगडाट बराच झाला, आमच्या अंगावर मात्र चार थेंब. अर्ध्या तासात पुन्हा ऊन! दिरांनी मामांच्या हातावर ४०० ठेवले. अर्धी दरी, अर्धे पैसे. मामा काही बोलले नाहीत. उरलेले मी गुपचूप दिले, ते गाडीत बसल्यावर कळलं, आणि कसारा घाट उतरेपर्यंत त्यावरून वाजलं. तुमचं काय मत?

जुना भिडू
दीर अगदीच चुकीचे नाहीत. ठरलं ते झालं नाही तर दर कमी होणार, हा साधा व्यवहार आहे. मी सांदण अकरा वेळा केलंय, त्यातलं चार वेळा मेमध्ये, एकदाही भिजलो नाही. हल्ली जरा ढग दिसला की माणसं बाहेर काढतात. दुसरा गट मिळतो ना. पोरांना थोडं भिजू द्या, थोडी भीती वाटू द्या, त्याशिवाय डोंगर कळत नाही.

राजूरकडची
जुना भिडू, दुपारी दीडला माणसं बाहेर काढून कोणता दुसरा गट उतरवणार? त्या वेळी नवीन माणूस आला तर आमच्याकडची शहाणी माणसं त्यालाच सांगतात, आज नको, जेवा आणि रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघून या.

आणि अकरा वेळा गेलात तर एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. दरीचं तोंड साम्रदच्या पठारावर, उतार कोकणाकडे. म्हणजे तुम्ही आत चालता ते पाणी जायच्या दिशेनं. पठारावर वळीव कोसळला की ते पाणी तुमच्या पाठीमागून येणार. आणि ज्या दोन डोहांतून तुम्ही आत गेलात ते तोंडापाशीच आहेत, आधी तेच भरणार. म्हणजे बाहेर पडायची वाट सगळ्यात आधी बंद. पुढे पळावं म्हटलं तर दोराशिवाय उतरता येत नाही. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच सरळ कातळ. नऊ वर्षांची पोर घेऊन कुठं चढणार?

आभाळ निळं होतं म्हणता. अहो, त्या पट्टीतून तुम्हाला डोक्यावरचं आभाळ दिसतं, घाटघरवरचं नाही. मेमध्ये सकाळभर तापतं, दुपारनंतर ढग चढतात, आणि पावसाआधी थंड वारा सुटतो. ढग दिसायच्या आत दरीतही तो जाणवू शकतो. मामांनी तेच ओळखलं.

पोटोबा
मुळात लहान मुलांना नेलंच कशाला? ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात चार मुलं. तीही सहलीलाच आली होती. एवढं होऊनही आपण वाऱ्यावर चर्चा करतोय. मुलांना कातळच दाखवायचा तर निघोजला न्या. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघा. दगड पाण्याच्या भोवऱ्यात गरगरत राहून बेसॉल्टला भोकं कशी पाडतात ते शाळेच्या पुस्तकापेक्षा तिथं छान कळतं. देवीचं दर्शन होतं, वर मोकळं आभाळ, चार वाजता भेळ खाऊन घरी.

निम्मा डोंगर
निघोज सुरक्षित?! तिथं तर पाऊस न पडताही पाणी वाढू शकतं, कारण वर कुकडीची धरणं आहेत आणि आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरल्या वेळी पाणी, सोडतात. खळग्यांच्या कडा तासून गुळगुळीत झालेल्या, आणि सगळे तिथंच फोटोला उभे. शेवाळावरून पाय सरकला की आत विहीरच. सांदणला निदान मागं फिरवणारा माणूस बरोबर असतो, निघोजला आपण आपले.

बाकी, निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज आणि दामिनी अ‍ॅप बघत जा. आमच्या पुण्यात पाषाणला हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, तिनं केलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. पण ते गावात असतानाच बघायचं, दरीत रेंज नसते.

जुना भिडू
पाणी पाठीमागून येतं हा मुद्दा मान्य. खरं सांगायचं तर मी असा विचार केला नव्हता, कारण माझ्या वेळी कधी आलंच नाही.

पण भुशीचं उदाहरण इथं लावू नका. तो भर पावसाळ्यातला वाहता धबधबा होता, ही मेमधली कोरडी दरी. एका घटनेवरून सगळे डोंगर बंद करायचे तर मुलांनी मॉलमध्येच हिंडावं. आणि पैशांचं म्हणणं कायम आहे. आधीच ठरवा ना, परत फिरलो तर किती.

राजूरकडची
परत फिरलो तर पूर्ण! यात ठरवायचं काय? समजा सगळ्यांनी तुमच्या हिशेबानं निम्मे दिले. मग पुढच्या वेळी वारा फिरला की त्या माणसाच्या डोक्यात काय येईल? अजून पाच मिनिटं रेटू, ४०० जातील. घरात चार खाणारी तोंडं आहेत, पाऊस लागला की दरी बंद, मग भातलावणीशिवाय हाताला काम नाही. तुम्ही त्याला तुमच्याच पोरीच्या जिवावर जुगार खेळायला लावताय. वाट दाखवायला धोंड्यांवरचे बाण आहेतच की. माणूस घेता तो एवढ्या एका वाक्यासाठी, "मागं चला".

पोटोबा
हे पटलं. तरी मी माझ्या नातवाला नेणार नाही.

कातळमाया
पोटोबा, तुमचं निम्मं मान्य. मुलांना नेलं ही चूक नव्हती, साडेअकराला नेलं ही होती. सकाळी सातला उतरलो असतो तर वाऱ्याच्या आधीच वर येऊन पिठलं-भाकरी खात बसलो असतो. काजवे आणि सांदण एकाच दौऱ्यात कोंबायचा हव्यास आमचाच.

राजूरकडचींचा प्रतिसाद दिरांना पाठवला. त्यांनी वाचला, उत्तर नाही. काल मात्र फोन आला, जानेवारीत पुन्हा जाऊ, त्या मामांचा नंबर आहे का तुमच्याकडे वहिनी? म्हटलं, आहे, आधी माझे ४०० पाठवा.