सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग : १६ अँपिअरचा पॉइंट की ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स?

पडवीकर :

पुण्यात सात मजली इमारत, ४० फ्लॅट. आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, मीटर रूम तळमजल्यावर. मीटर रूमपासून पार्किंगच्या जागेपर्यंत भिंतीच्या कडेकडेने मोजलं तर ३५ मीटर भरतं. ४५ किलोवॉट-अवर (म्हणजे ४५ युनिट) बॅटरीची गाडी बुक केली आहे. रोजचं धावणं ४०-४५ किमी, महिन्यातून एखाद-दोनदा कोल्हापूर नाहीतर नाशिक.

बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट, सिंगल फेज. घरचा वापर महिन्याला साधारण १८० युनिट.

तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्लॅटच्या डीबीतून (घरातला मेन स्विचचा बॉक्स) २.५ स्क्वेअर एमएमची वायर डक्टमधून खाली सोडू. दुसरा म्हणतो, मीटरपासून ४ स्क्वेअर एमएम टाकू. शोरूमकडून आलेला माणूस म्हणतो, ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवायचा जलद चार्जर) बसवाच, मात्र ठरावीक मीटरच्या पुढे केबलचे पैसे वेगळे. कमिटीचं चौथंच: कॉमन मीटरवरून घ्या आणि महिन्याला ठरावीक रक्कम भरा. नेमकं काय करावं?

अँपिअरराव :

आधी रोज किती वीज लागणार ते काढा, मग चार्जर ठरवा. सगळे उलटं करतात.

४५ किमीला बॅटरीतून साधारण साडेसहा युनिट जातात. चार्जिंगमध्ये १०-१२ टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर सव्वासात. १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर कागदावर ३.३ किलोवॉटचा असला तरी भिंतीतून प्रत्यक्षात अडीच ते तीनच ओढतो. म्हणजे तीन तासांत रोजची भरपाई झाली. गाडी रात्री दहा तास उभीच असते.

आता वाईटात वाईट दिवस धरा. रविवारी रात्री कोल्हापूरहून १५ टक्क्यांवर घरी आलात, दहाला लावली, सकाळी सातला काढली. नऊ तासांत साधारण २०-२१ युनिट बॅटरीत जातील, म्हणजे सकाळी ६० टक्के. सोमवारच्या ४५ किमीला ते रगड आहेत. १० ते १०० टक्के करायचं म्हटलं तर १६ अँपिअरवर १५-१७ तास आणि ७.२ वर साडेसहा तास, हा फरक खरा आहे. पण रोज कोण १० टक्क्यांवरून १०० करतं? लांबच्या वाटेवर तर डीसी फास्ट चार्जरच लागणार, तिथे घरचा वॉलबॉक्स उपयोगाचा नाही.

माझं मत: चार्जरवर पैसे घालू नका. केबल, अर्थिंग आणि सॉकेट यांवर घाला. जळतं ते तिथेच.

मीटररूम :

वरच्याशी सहमत. वायरिंगचं सविस्तर लिहितो.

फ्लॅटच्या डीबीतून खाली आणायचा सल्ला सोडून द्या. पाच मजले उतरून पुन्हा ३५ मीटर आडवं जाणार, म्हणजे लांबी विनाकारण वाढली आणि डक्टमध्ये बाकीच्या वायरींच्या गर्दीत गरम होणारी आणखी एक वायर आली. तुमचं मीटर तळमजल्यावरच आहे. मीटरच्या आउटगोइंगला स्वतंत्र आयसोलेटर (अख्खी लाइन तोडणारा स्विच) आणि एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) यांचा छोटा बॉक्स लावून तिथूनच केबल काढा. युनिट तुमच्याच बिलात येतील.

केबलचा हिशोब असा. तांब्याच्या केबलमध्ये दर अँपिअर, दर मीटर व्होल्टेज पडतं ते २.५ स्क्वेअरला साधारण १८ मिलिव्होल्ट, ४ ला ११, ६ ला ७.३ आणि १० ला ४.४. तुमच्या ३५ मीटरला १६ अँपिअरवर २.५ मध्ये १० व्होल्ट जातील, ४ मध्ये ६, ६ मध्ये ४. पुढेमागे ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स लावलात तर ६ मध्ये ८ व्होल्ट आणि १० मध्ये ५. संध्याकाळी आधीच २१० व्होल्ट येत असतील तर हे १० व्होल्ट जाणवतात.

खरा खर्च भिंतीवर क्लॅम्प मारण्याचा, भोकं पाडण्याचा आणि मजुरीचा असतो. तो दोनदा करू नका. आत्ताच ६ स्क्वेअर एमएम, ३ कोअर (आत तीन तारा), तांब्याची आर्मर्ड (बाहेरून धातूचं कवच असलेली) केबल टाका, आज तिच्यावर १६ अँपिअर चालवा. घरात दुसरी ईव्ही येणार हे नक्की असेल तर १० टाका. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण मग १६ स्क्वेअर घ्यावी लागेल आणि दोन्ही टोकांना बायमेटॅलिक थिंबल (तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्हींना चालणारी, तारेच्या टोकाला दाबायची टोपी) हवेत. साधे तांब्याचे थिंबल लावले की सांधा हळूहळू काळा पडतो आणि कधीतरी मे महिन्यात वास येतो.

तिसरी कोअर अर्थसाठी आहे. काही जण २ कोअर आणून आर्मरवरच अर्थ भागवतात. ते चालवून घेऊ नका. आर्मर ग्लँडमधून (केबलला बॉक्सपाशी घट्ट धरणारा भाग) दोन्ही टोकांना अर्थला जोडायचं, पण अर्थची स्वतंत्र तारही हवीच.

बॉक्समध्ये एवढं लागेल: १६ अँपिअरच्या पॉइंटला २० अँपिअर सी कर्व्ह एमसीबी (वॉलबॉक्स आला की ४०), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरची दोन पोल आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), टाइप २ एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं) आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. आरसीसीबी ‘टाइप ए’ मागून घ्या. दुकानात न विचारता देतात ती बहुतेक वेळा टाइप एसी असते. गाडीच्या ऑनबोर्ड चार्जरकडून डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळी होते, म्हणजे खरा शॉक बसत असतानाही ट्रिप होत नाही. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरचं डीसी डिटेक्शन असेल तर टाइप ए पुरते, नसेल तर टाइप बी लागते आणि ती महाग आहे. वॉलबॉक्स घेताना स्पेसिफिकेशनमध्ये ही एक ओळ शोधा.

व्होल्टेज प्रोटेक्टर लोक गाळतात. इमारतीचा न्यूट्रल कुठे ढिला झाला की एखाद्या फेजवर ३००च्या वर व्होल्टेज येतं. एमसीबीला ते कळत नाही, आरसीसीबीलाही नाही.

आणि एक, एमसीबी एकमेकांना खेटून लावू नका. तासन्‌तास करंट वाहणाऱ्या एमसीबीशेजारी एक मॉड्यूल रिकामं सोडा, नाहीतर उष्णतेने विनाकारण ट्रिप होतो आणि मग कोणीतरी ‘मोठा टाकून देऊ’ म्हणतो.

पडवीकर :

धन्यवाद. एक भीती आहे. आमच्याच इमारतीत एका शेजाऱ्यांकडे पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागतो, अर्थ फॉल्ट दाखवतो. इलेक्ट्रिशियनने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिले, आता हिरवा लागतो. हे बरोबर आहे का?

मीटररूम :

आजच्या आज काढायला सांगा. चार्जर फक्त एवढंच बघतो की फेज आणि अर्थमध्ये नीट व्होल्टेज मिळतंय का. न्यूट्रल जोडला की ते मिळतं, म्हणून दिवा हिरवा. पण उद्या वरच्या बाजूला न्यूट्रल तुटला तर गाडीच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील. पावसात ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय असं जोडल्यावर आरसीसीबी एकतर सारखी ट्रिप होते किंवा ‘त्रास देते’ म्हणून बायपास करतात. म्हणजे अर्थ आणि आरसीसीबी हे दोन्ही आधार गेले.

तपासायची रीत: मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही जवळपास सारखे हवेत. मग चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थ मोजा. २-३ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे गेलं तर न्यूट्रलचा सांधा किंवा अर्थचा खड्डा बघायला हवा. चार्जिंग बंद असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आणि चालू केल्यावरही शून्यच, तर कोणीतरी जवळपास दोन्ही जोडलेत असा संशय घ्या.

फेज-अर्थमध्ये बल्ब पेटवून ‘अर्थिंग एक नंबर’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. १०० वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, तो तर कामचलाऊ अर्थवरही पेटतो. (पुढे आरसीसीबी असेल तर ती या चाचणीने ट्रिप होते, आणि तसंच व्हायला हवं.) अर्थ टेस्टर आणून रेझिस्टन्स मोजायला लावा, ५ ओहमच्या आत हवा. जुन्या इमारतीत मीठ-कोळशाचा खड्डा वाळून गेलेला असतो. तिथे तीन मीटरचा कॉपर-बाँडेड रॉड आणि बेंटोनाइटचं कंपाउंड घालून नवा खड्डा करणं हाच इलाज.

बिलवाचक :

मीटर आणि कमिटीचं मी सांगतो.

महाराष्ट्रात स्वतःची गाडी घरच्या कनेक्शनवर चार्ज करता येते, दर घरगुतीच लागतो. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार हवं तर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. तुम्हाला वेगळ्याची गरज वाटत नाही.

‘बिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल’ ही भीती अर्धीच खरी. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, पण वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. गाडीचे महिन्याला २०० युनिट धरा. १८० चे ३८० झाले. त्या २०० पैकी १२० युनिट तुम्ही आत्ता आहात त्याच टप्प्यात बसतात, वरच्या टप्प्यात ८०च जातात.

मंजूर भार मात्र वाढवून घ्या. ३ किलोवॉटवर चार्जर, गिझर आणि एसी एकदम लागले की मर्यादा ओलांडली. सिंगल फेजमध्येच ६ पर्यंत नेलात तर महिन्याचा स्थिर आकार तोच राहतो, थ्री फेज केलं की तो वाढतो. ७.२ चा वॉलबॉक्स एकटाच ३२ अँपिअर खातो. त्यात गिझरचे ९ आणि एसीचे ७ मिळवले की थ्री फेजशिवाय भागत नाही. शोरूमवाला हा खर्च सांगत नाही. अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो काम करणाऱ्याकडून आधीच कबूल करून घ्या.

रात्रीची वीज स्वस्त, हेही घरगुती ग्राहकाला सरसकट लागू नाही. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना वेळेनुसार मिळणारी सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची आहे. शनिवार-रविवार गाडी घरी असेल तर दिवसा लावा.

कॉमन मीटर आणि ठरावीक रक्कम या फंदात पडू नका. पहिल्या वर्षी गोडीगुलाबीने चालतं, दुसरी-तिसरी गाडी आली की वार्षिक सभेत लिफ्टचं बिलही तुमच्याच नावावर. कॉमन मीटरवरूनच घ्यायचं ठरलं तर सबमीटर बसवा आणि दर युनिटमागे ठरवा.

टॉपगिअर :

सगळे ७.२ च्या विरोधात दिसता. माझं वेगळं मत. संध्याकाळी सातला ऑफिसातून येऊन रात्री अकराला नाशिकला निघायचं असेल तर चार तासांत १० युनिट आणि २८ युनिट यात फरक पडतो की नाही? घरात दोन गाड्या असतील, किंवा रोज १२०-१५० किमी असतील, तर १६ अँपिअर पुरणार नाही.

अँपिअरराव :

दोन गाड्या किंवा रोज १५० किमी असतील तर वॉलबॉक्स घ्यावाच. प्रश्न विचारणाऱ्याचं तसं नाही. शिवाय सोसायटीचा विचार करा. ४० पैकी २० फ्लॅटमध्ये ईव्ही आली आणि सगळ्यांनी ७.२ लावले तर एका वेळी १४४ किलोवॉट. तेच ३.३ वर ६६. मेन केबल आणि ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ पहिल्या हिशोबात फार लवकर येते, आणि तो खर्च गाडी नसलेल्यांच्याही माथी बसतो. कमिटीचा विरोध बहुधा इथूनच येतो. तुमच्या अर्जात ‘१६ अँपिअर, स्वतःच्या मीटरवरून, मीटर रूममध्ये आयसोलेटर’ असं लिहा आणि केबल कुठून जाणार त्याचा साधा नकाशा जोडा.

पडवीकर :

ठरलं, ६ स्क्वेअर टाकतो आणि १६ अँपिअरच. सॉकेट कुठलं? आणि जागा उघड्या बाजूला आहे, पाऊस आत येतो.

मीटररूम :

घरातलं मॉड्युलर सॉकेट नको. गिझर वीस मिनिटं चालतो, इथे आठ-दहा तास सलग करंट आहे. पत्र्याचा एसी बॉक्स (एअर कंडिशनरसाठी लावतात तो) किंवा चांगल्या कंपनीचं जाड पितळी पट्ट्यांचं सॉकेट घ्या. वायरीच्या टोकाला थिंबल दाबून मगच स्क्रू आवळा. ६ स्क्वेअरची जाड तार सॉकेटच्या टर्मिनलमध्ये बसली नाही की काही जण चार तारा कापून बारीक करतात, आणि सॉकेट वितळतं ते तिथूनच. त्यापेक्षा जवळ कनेक्टर बॉक्स देऊन शेवटचा अर्धा मीटर ४ स्क्वेअरने जोडा, एमसीबी २०चा आहे तोवर ते चालतं.

हे सगळं आयपी६५ च्या (धूळ-पाणी आत न जाणाऱ्या) झाकणाच्या बॉक्समध्ये, जमिनीपासून सव्वा मीटर वर. केबल बॉक्समध्ये खालून घ्या, वरून घेतली की पाणी तिच्यावरून ओघळत आत जातं. पोर्टेबल चार्जरची वीट (वायरीमधला जड डबा) प्लगवर लोंबकळू देऊ नका, शेजारी हूक मारा. तिच्या वजनाने प्लग तिरका होतो आणि पिन अर्धीच टेकते.

पहिल्या रात्री एक तास चार्ज झाल्यावर एमसीबी बंद करा, प्लग काढा आणि पिनांना हात लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदला. महिन्याने पुन्हा बघा आणि स्क्रू एकदा आवळून घ्या, तांबं गरम-गार होऊन ढिलं पडतं. एक्स्टेन्शन बोर्ड कोणी एका रात्रीसाठी मागितला तरी देऊ नका.

बिलवाचक :

जनरेटर असेल तर तेही विचारून ठेवा. सोसायटीच्या डीजीवर (डिझेल जनरेटर) बरेच चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून बंद पडतात, कारण न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. त्यात चार्जरचा दोष नाही. तसंही तुमची लाइन डीजीच्या बसबारवर (वीज वाटणारी धातूची पट्टी) जाणार नाही हे मीटर रूममध्ये उभं राहूनच बघून घ्या.