सासूबाईंबरोबर सप्तशृंगी गड पायी: बूट, काठी की सरळ ट्रॉली? सल्ला हवा

फोंड्याची_सून
सासूबाई ६४ वर्षांच्या, माहेर मालेगाव. लहानपणी वडिलांबरोबर चैत्रात चालत गडावर गेल्या होत्या. लग्न होऊन फोंड्याला आल्या आणि ते राहूनच गेलं. आता हट्ट धरलाय की जायचं, तेही पायथ्याच्या नांदुरीपासून पायी. उजवा गुडघा कुरकुरतो. मडगावहून मंगला एक्सप्रेस पकडून नाशिक रोडला उतरणार. १५०० च्या आत बूट सुचवा. आणि कधी गेलेलं बरं?

डोंगर_म्हापसा
१५०० मध्ये बूट येतील, पाय परत येणार नाहीत. माझे ६८०० चे आहेत, घोट्याच्या वरपर्यंत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड सगळं त्यातच झालं. डोळे मिटून घ्या.

फोंड्याची_सून
दादा, १५०० लिहिलंय. शिवाय नाड्या बांधायला त्यांना वाकता येत नाही.

काणकोणची_माई
बूटबीट काही नको गो. मी नवे कोरे घालून गेले होते. अर्ध्या घाटात डाव्याचा सोल सुटला आणि मगरीसारखा आ वासून बसला. ओढणीची कड फाडून बांधला नि तशीच फटक फटक करत वर गेले. पायाला सवयीची जुनी चप्पल घ्या.

नाशिककर_सध्या_पर्वरी
बूट लागतात ते नांदुरी ते गड एवढ्याच घाटाला, दहाएक किलोमीटर. पुढे मंदिराच्या पायऱ्या पाचशेच्या वर आहेत आणि बहुतेक लोक खालीच चपला काढतात. त्यामुळे बुटांपेक्षा उन्हाची काळजी करा. दुपारी पायरी तव्यासारखी तापते. उजाडता चढायला लागा, जाड सुती मोजे जवळ ठेवा.
नाशिकहून थेट गडाची एसटी मिळते. पण तुम्हाला पायी चढायचंय, तर कंडक्टरला नांदुरी सांगा. 'वणी' पाटी बघून चढू नका, माझा मेहुणा असाच वणी गावात उतरून देवी शोधत बसला होता. वणी दिंडोरी तालुक्यात, गड कळवणमध्ये.

साखळीचा_बाब
वणीची देवी म्हणायचं आणि देवी वणीत नाही, हे बरं आहे. त्यात अर्धं पीठ. त्यापेक्षा तुळजापूरला न्या, पूर्ण पीठ आहे, गाडी जवळपर्यंत जाते.

नाशिककर_सध्या_पर्वरी
बाब, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन आणि सप्तशृंगी अर्धं, अशी ती मोजणी. देवी अर्धी नाही, चांगले अठरा हात आहेत. मान थोडी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे, ती ऐकतेय असं लोक सांगतात.
ताई, एक मात्र सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. २०२२ मध्ये मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर काढले. त्यांच्या डोळ्यांत आहे ते रूप आता दिसणार नाही. माझी आई पाच मिनिटं नुसती बघतच राहिली, मग म्हणाली, "हीच का?"

डोंगर_म्हापसा
माझेच बूट सेलमध्ये ५५०० ला लागलेत. बजेटमध्ये बसतील.

मडगाव_पेन्शनर
मंदिराच्या पायऱ्या टाळायच्या तर २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली आहे, रुळांवरून डोंगर चढणारी. बसलो, वर पोचलो, रुमालही काढावा लागला नाही. गुडघा चढताना गप्प असतो, खरा दगा उतरताना देतो. म्हणून चढा पायऱ्यांनी, उतरा ट्रॉलीने. आणि आत्तापासून पारोड्याच्या चंद्रनाथाला चार रविवार चढवा त्यांना. रोजच्याला फर्मागुडीचा चढ आहेच दारात.

काणकोणची_माई
तेच मी म्हणत होते, चप्पल जुनीच बरी. आणि काठी घ्या, माकडांसाठी. माझ्या हातातला नारळ घेऊन एक कठड्यावर बसला, वर मलाच दात दाखवतो.

साखळीचा_बाब
आमच्या शिरगावला लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालत जातात. तुम्ही पायऱ्या तापतात म्हणून मोजे विकत घेताय.

नाशिककर_सध्या_पर्वरी
विषय गुडघ्याचा चाललाय, बाब.
ताई, चैत्र पौर्णिमा आणि नवरात्र सोडून जा. खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ असते, खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात. आडदिवशी, मंगळवार-शुक्रवार टाळून गेलात तर निवांत दर्शन.

फोंड्याची_सून
सगळं वाचून दाखवलं. ट्रॉली नको. बूट नकोत, फोंडा बाजारातून ४५० चे पट्टीचे सँडल घेतले. आडदिवस तर अजिबात नको, चैत्रातच जायचं. "रिकाम्या गडावर जाऊन काय करू, माझ्याकडची माणसं कोण भेटणार मला?" असं म्हणाल्या. शेंदराचं सांगितलं तर जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मी तरी कुठे तशीच राहिलेय.
मंगलाचं तिकीट वेटिंग ३८ आहे. फर्मागुडीचा चढ परवापासून सुरू केलाय. पेन्शनर काका, त्या पुढे जाऊन थांबतात आणि मी धापा टाकत येते. उरलेल्या पैशांत मलाच बूट घे म्हणतायत. तर १०५० मध्ये कोणते मिळतील?

डोंगर_म्हापसा
५५०० चे बघा एकदा.