व्ही-६० सोडून बाकी सगळी खेळणी? काहीही!

कडूकट: काल एकानं इथं ठोकून दिलं की घरी ड्रिप कॉफी करायची तर सिरॅमिकची व्ही-६०च (कागदी फिल्टर लावून वरून गरम पाणी ओतायचा तो शंकूसारखा ड्रिपर) घ्या, बाकी खेळणी, आणि साउथ इंडियन फिल्टर म्हणजे ‘चिकोरीचा काढा’ (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड). राहवलं नाही. अरे व्ही-६०ला खाली एकच मोठं भोक, पाणी किती वेगात उतरणार ते तुमच्या धारेवर आणि दळण्यावर, म्हणजे आधी लांब बारीक तोटीची गूजनेक किटली घ्या, मग बरा ग्राइंडर, मग वजनकाटा, आणि हे सगळं सकाळी डबे भरता भरता! कलिता वेव्ह या दुसऱ्या ड्रिपरचा तळ सपाट, भोकं तीन बारकी, धार थोडी वाकडी गेली तरी कॉफी पिण्यासारखी होते. नवीन माणसानं तीच घ्यावी.

ओतारी: ‘एकानं’ काय, मीच लिहिलं होतं. कलिताचे झालरवाले पेपर मिळवून दाखवा आधी, बघावं तेव्हा आउट ऑफ स्टॉक. १५ ग्रॅम कॉफी, २५० पाणी, तीनेक मिनिटं. जमत नसेल तर इन्स्टंट प्या.

माटुंग्याची_सून: काढा कुणाला म्हणता हो? चिकोरी पावडरीत असते, फिल्टरमध्ये नाही. आमच्याकडे प्युअर पीबेरी (फळात एकच गोल बी असते ती कॉफी) दळून आणतात, रात्री पितळी फिल्टर लावला की सकाळी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तयार. आणि तुमचा पेपर फिल्टर तरी कुठून आला? १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी पितळी भांड्यालाच भोकं पाडून मुलाच्या वहीतला टीपकागद घातला होता!

ओतारी: तुमच्याकडे प्युअर असेल ताई, बाकीकडे कॉफी-चिकोरी ८०:२० नाहीतर ७०:३०. वर दूध-साखर. आत चिकमगळूरची बी आहे का चिंचोके, काय कळणार?

खानावळ_सिंगल: चिकोरीवर एवढा राग का पण? तिच्यामुळे डिकॉक्शन दाट होतं, दुधात चव बुडत नाही. प्युअर अरेबिका जातीची कॉफी दुधात घालून बघा, नुसतं गढूळ दूध लागतं. आमच्या मेसमधली कॉफी आठवली की अजून अंगावर काटा येतो, त्यात तर चिकोरीसुद्धा नव्हती.

माटुंग्याची_सून: गढूळ? डिकॉक्शन पातळ काढता म्हणून! पावडर दाबून बसवत नाही आणि नावं दुधाला.

कडूकट: धागा ड्रिपरचा होता!! ओतारी, थंड सिरॅमिक पाण्यातली उष्णता खातं, त्यापेक्षा प्लास्टिकची व्ही-६० स्वस्त आणि बरी, एवढं तरी मान्य?

ओतारी: मान्य, प्लास्टिक बरं. सत्कार कधी ठेवताय? कलिता मात्र घेणार नाही.

खानावळ_सिंगल: ताई, ६०:४० पिऊन बघा एकदा, मग बोलू.

माटुंग्याची_सून: ६०:४०ला आमच्याकडे कॉफी म्हणत नाहीत.