काकांचा सत्कार करायचाय, पण काका ऐकत नाहीत

पेडलवाली_मुलुंड:
आमच्या छोट्याशा सायकल क्लबातले काका यंदा सत्तरीचे झाले. 1980च्या दशकात मुंबई-पुणे शर्यतीत चारदा उतरलेले. शाल-श्रीफळाचं काढलं तर म्हणाले, "मुंबईत शाल घालू कधी? नारळ दे, चटणी करतो." ट्रॉफी नको, पाकीटही नको.

रविवारी पहाटे पाचला चेकनाक्यावर आमच्याआधी हजर असतात. रेक्झिनच्या पिशवीत स्पोक की, सोल्यूशन, पॉलिश पेपर, जुन्या ट्यूबचे तुकडे आणि पारले-जीचा पुडा. ज्याचं चाक डुगडुगतंय त्याला थांबवून तारांना टिचक्या मारत ऐकत बसतात. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चकत्या, म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या लागतात. दोन्हीकडून सारखाच आवाज आला तर समजायचं, कुणीतरी घोळ घातलाय. हे मला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

पावसाळ्यात हायवेने ठाण्याकडे जाताना वारा डावीकडून येतो. आडोसा मिळतो पुढच्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे थेट ट्रकच्या बाजूला. शर्यतीत तिरकी रांग लावतात ते ठीक, इथे काका ओरडतात, "एकामागे एक! वाऱ्याशी भांडा, ट्रकशी नको!" गेल्या वर्षी मी ऐकलं नाही. भांडुपजवळ माझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं, कोपर सोललं. काकांनी आधी सायकल उचलली, मग मला. (राग अजून आहे.)

तर अशा माणसासाठी करावं काय?

घाटवेडा:
आम्ही आमच्याकडच्या एकांच्या नावाने शर्यत ठेवली होती. पोलिसांची परवानगी, अँब्युलन्स, बॅनर, चार महिने नुसती पळापळ. शर्यतीच्या दिवशी उत्सवमूर्तीच कोपऱ्यावर पाणी वाटत उभे! सरप्राइज वगैरे नको, त्यांना विचारून ठरवा.

जुनी_फ्रेम:
त्यांची शर्यतीची सायकल आहे का अजून? असेल तर ती चालू करून द्या.

पेडलवाली_मुलुंड:
आहे, माळ्यावर! टायर ट्युब्युलर, रिमला चिकटवलेले. आता पापडासारखे कडक झालेत. तीच घेऊन खोपोलीहून बोरघाट चढवला तर? शिंग्रोबाच्या देवळापर्यंतच.

घाटवेडा:
भारी! फक्त आधी डॉक्टरांना विचारा. आणि खाली आणताना सायकल टेम्पोत टाका. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम तापते, टायरचा डिंक सैल पडतो.

जुनी_फ्रेम:
नवे टायर चिकटवण्याआधी रिमवरचा जुना डिंक खरवडून काढा. नाहीतर टायर उंचसखल बसतो, प्रत्येक फेरीला धक्का.

पेडलवाली_मुलुंड:
अपडेट. सायकल खाली उतरवली, हँडलवरची टेप हातात भुगा होऊन आली. काका बराच वेळ नुसते पेडल उलटं फिरवत बसले. मग म्हणाले, घाट चढू, पण टायर मीच चिकटवणार, तुम्ही वाकडे लावाल. मी तोंड पाडलं तर म्हणे, "शनिवारी ये, दुसरं चाक तू लाव. जुना टी-शर्ट घालून ये, डिंक निघत नाही." डिंक रात्रभर सुकू द्यायचा असतो म्हणे, म्हणून या रविवारी राइड नाही. ग्रुपवर कळवलंय, आणि लोकांनी आत्ताच कुरकुर सुरू केली आहे.