पिट्सबर्गचा बसवे

मध्यम आकाराच्या अमेरिकन शहरात गाडीशिवाय पर्यायच नाही, असं सरसकट म्हटलं जातं. पिट्सबर्गला ते पूर्ण लागू होत नाही. तिथला ईस्ट बसवे १९८३ पासून सुरू आहे. रेल्वेमार्गाला खेटून काढलेला, फक्त बससाठीचा रस्ता, मध्ये सिग्नलची भानगड नाही. ईस्ट लिबर्टी या भागातून डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यभागी, बस कोंडी चुकवून जाते. पुण्याच्या बीआरटीत (बससाठी राखीव मार्गिकेत) घुसतात तशा दुचाकी घुसायची सोयच ठेवलेली नाही!

घोडं पेंड खातं ते थांब्यापासून घरापर्यंत. टेकड्यांचं गाव, त्यामुळे नकाशावर रस्ता दिसतो तो कित्येकदा चक्क जिना निघतो. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर किराण्याच्या पिशव्या घेऊन तो चढून दाखवावा. १८७० सालची मोनोंगहेला इन्क्लाइन, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोरानं ओढला जाणारा डबा, मात्र अजून लोकांना टेकडीवर नेते, तीही बसच्याच पासावर.