विषय: सॉफ्टबॉल संघाची यादी – पंधराव्या नावाला हरकत

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या क्रीडा समितीने काल पाठवलेली यादी वाचली. चौदा नावांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पंधराव्या जागी मात्र गेल्या मोसमात एकही सामना न खेळलेल्या सभासदांचे नाव आहे, आणि ते केवळ त्यांचा टी-शर्ट छापून झाला आहे म्हणून, असे कळले. यादी उद्या रात्री लीगकडे जाणार असल्याने आजच लिहितो.

ती जागा जळगावच्या वहिनींना द्यावी. संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांचा चेंडू हॉलच्या पायऱ्यांपाशी आला, तेव्हा त्यांनी हातातले तिळगुळाचे ताट खाली ठेवले, एक पाऊल पुढे टाकले आणि चेंडू पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाच्या ग्लोव्हमध्ये, त्याला हातही हलवावा न लागता, पोहोचवला. चौकशी केल्यावर समजले की शाळेत आणि कॉलेजात त्या सॉफ्टबॉलच खेळल्या आहेत, तेही कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उभे राहून चेंडू झेलणाऱ्या, म्हणून. आपण बाकी सगळे क्रिकेटवाले. गेल्या मोसमातला शेवटचा सामना आठवा: तिन्ही बेसवर आपले धावणारे उभे असताना आपल्या फलंदाजाने चेंडू पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, पायाशी तटवला आणि धावण्याऐवजी, जुन्या सवयीने, जागेवर उभे राहून ‘नो’ म्हणून ओरडला. पिचरने चेंडू आधी होमला, म्हणजे फलंदाजाच्या जागी, दिला, तिथून तो पहिल्या बेसला गेला, आणि एका फटक्यात आपले दोघे बाद झाले. ज्यांना हा खेळ खरोखर येतो त्यांना आपण दोन वर्षे सीमारेषेबाहेर संत्री सोलायला बसवले आहे.

– माजी सचिव

उत्तर: सॉफ्टबॉल संघाची यादी

वहिनींबद्दल समितीला पूर्ण आदर आहे. तथापि किमान तीन सरावांना उपस्थित राहणाऱ्यांचाच विचार करण्याचे जानेवारीच्या बैठकीत ठरले होते, आणि त्या बैठकीस माजी सचिव स्वतः हजर होते. वहिनी एकाही सरावाला आलेल्या नाहीत. एका थ्रोवरून संघ निवडायचा झाला तर समितीची गरजच काय?

– क्रीडा समिती

उत्तर: उत्तर: सॉफ्टबॉल संघाची यादी

टी-शर्टचा उल्लेख झाला म्हणून खुलासा करतो. छापलेले टी-शर्ट परत घेतले जात नाहीत आणि गेल्या वर्षीचे तीन अजून माझ्या गराजमध्ये पडून आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी ते कृपया घेऊन जावेत.

– कोषाध्यक्ष

उत्तर: सॉफ्टबॉल संघाची यादी

तीन सरावांचा नियम मला मान्य आहे. परंतु ज्यांचे नाव यादीत आहे ते तरी किती सरावांना आले, हेही समितीने सांगावे.

आपल्या ओकलंडच्या २००२ च्या बेसबॉल संघाचेच उदाहरण देतो. स्कॉट हॅटेबर्ग बॉस्टनचा कॅचर होता. उजव्या कोपरातली नस दुखावल्यामुळे त्याला धड फेकता येईना, तेव्हा बॉस्टनने त्याला कोलोराडोला दिले आणि कोलोराडोने दोनच दिवसांत सोडून दिले. ओकलंडने मात्र तो फेकतो कसा हे न पाहता बेसवर किती वेळा पोहोचतो ते पाहिले, आणि पूर्वी कधी न खेळलेल्या पहिल्या बेसवर त्याला उभे केले. २००२ मध्ये त्याचा बेसवर पोहोचण्याचा दर .३७४ होता आणि संघाने १०३ सामने जिंकले. वहिनींचा तर हातही शाबूत आहे. शिवाय कॅचरला चांगला बॉल आणि वाईट बॉल कळतो. आपली मंडळी डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूलाही बॅट घालतात, आणि चार वाईट बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो हे त्यांना दर सामन्यात सांगावे लागते.

– माजी सचिव

उत्तर: उत्तर: सॉफ्टबॉल संघाची यादी

हॅटेबर्गचा विषय निघाला म्हणून लिहितो. ४ सप्टेंबर २००२ रोजी कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. ओकलंडचे ११-० झाल्यावर पार्किंगमधली गर्दी टाळावी म्हणून आम्ही निघालो आणि घरी पोहोचेपर्यंत ११-११ झाले होते. नवव्या डावात त्याने होमरन मारून १२-११ केले आणि सलग विसावा विजय मिळवून दिला, तो मी टीव्हीवर पाहिला. हिने मला अजून माफ केलेले नाही. एक गोष्ट माजी सचिवांकडून राहून गेली: त्या दिवशी तो पहिल्या नऊ जणांत नव्हता, बाकावरून आला होता. तेव्हा पंधराव्या जागेला कमी लेखू नये.

– फ्रीमाँटचे काका

उत्तर: सॉफ्टबॉल संघाची यादी

नमस्कार. माझ्याबद्दल एवढी चर्चा चालली आहे हे मला आज दुपारी मुलाकडून कळले.

सरावाला मी आले नाही, कारण सराव शनिवारी दहा वाजता असतो आणि त्याच वेळी मी मंडळाच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेते. ते वेळापत्रक क्रीडा समितीच्याच अध्यक्षांनी लावलेले आहे. शिवाय खेळाडूंसाठीच्या पत्रकात ‘क्रिकेटचा अनुभव हवा’ असे लिहिले होते, आणि तो मला खरोखरच नाही.

सराव रविवारी ठेवणार असाल तर नाव घालावे. ग्लोव्ह माझा स्वतःचा आहे, फक्त त्याची दोरी नव्याने ओवावी लागेल. कॅचरचा मास्क कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. टी-शर्ट कोषाध्यक्षांच्या गराजमधला चालेल.