ग्वाल्हेरच्या थंडीत मटकीला मोड येईनात

प्रश्न: डिसेंबरात मटकी दोन दिवस बांधून ठेवली तरी मोड नाहीत, उलट चिकट होऊन वास येतो. काय चुकतंय?

उत्तर: ताई, एक वाटी मटकी कोमट पाण्यात ८ तास भिजवा. मग चाळणीत पूर्ण निथळू द्या. तळाशी पाणी साचलं की दाणे गुदमरतात, तीच ती चिकटी. ओलसर फडक्यात सैल बांधा, डब्यात ठेवून डबा रजईत गुंडाळा. २४ ते ३६ तासांत मोड दिसतील.

उत्तर २: भिजवून झाल्यावर गणंग (न भिजलेले टणक दाणे) मात्र वेचून काढा, ते शिजतच नाहीत. आणि कुकर नको, लगदा होतो! कढईवर झाकलेल्या ताटलीत पाणी ठेवून १०-१२ मिनिटं वाफवा. आमसूल शेवटी, आंबट आधी पडलं की दाणा कडक राहतो.